इंजिन काम झालं, ऑइल प्रेशर वाढलं आणि फिल्टर गळायला लागला

इंजिन काम, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलणं, करून गाडी घरी आली की पहिले काही दिवस मालकाचं लक्ष रस्त्याइतकंच मीटरवरही असतं. आधी आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा तळाशी लोळायचा, आता तो ताठ वर उभा असतो. मिस्त्री म्हणतात, "बघा साहेब, नव्या इंजिनासारखं प्रेशर आलं." सगळे खूश. मग आठवड्याभरात पार्किंगमध्ये फिल्टरच्या बरोबर खाली काळा डाग दिसतो. फिल्टर आणखी आवळला जातो. पुन्हा डाग. पुण्याच्या नाना पेठेतून दुसऱ्या कंपनीचा फिल्टर आणतात, तोही गळतो. तिसरा बसवतात, आणि एखाद्या थंड सकाळी गाडी चालू करताक्षणी फिल्टरचं रबर जागेवरून सरकतं आणि चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल जमिनीवर येतं.

अशा गाडीत एकापाठोपाठ एक सगळे फिल्टर खराब निघाले, असं सहसा होत नाही. फिल्टर गळतो, कारण त्याच्यापर्यंत पोचणारं प्रेशर त्याच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. याचं मूळ बहुतेकदा बोटाच्या पेराएवढ्या एका भागात सापडतं. इंजिन काम करताना त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. त्याला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. तो काय करतो हे मेकॅनिक नसलेल्या गाडीमालकालाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण "प्रेशर जास्त म्हणजे इंजिन दणकट" या समजुतीपायी नीट बांधलेली इंजिनं वाया जातात आणि दुसऱ्यांदा खर्च मालकालाच करावा लागतो.

प्रेशर येतं कुठून

चेंबरमधलं ऑइल पंप जाळीतून खेचतो आणि फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरमधून ते मुख्य गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, जातं, तिथून क्रँकच्या मेन बेअरिंगना, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना, कॅमशाफ्टला, रॉकरला. काम झालं की टपकून पुन्हा चेंबरमध्ये. पंप गिअरचा असो की रोटरचा, एका फेऱ्यात तो ठरलेलं माप पुढे ढकलतो. पुढची वाट मोकळी असेल तर प्रेशर कमी राहतं, अरुंद असेल तर वाढतं. पंप फक्त ढकलतो, प्रेशर वाटेतल्या अडथळ्यामुळे तयार होतं.

सर्वांत अरुंद वाट म्हणजे क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग) आणि बेअरिंग यांच्यातली फट. जुना ठोकताळा असा की जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग फट ठेवायची. म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर. या फटीतून किती ऑइल वाहणार, हे फटीच्या घनावर ठरतं. त्यामुळे फट ०.०५ ऐवजी ०.०४ ठेवली तर वाहणारं ऑइल जवळजवळ निम्मं होतं. एका शतांश मिलिमीटरने एवढा फरक पडतो. उलट झिजून फट ०.१० झाली तर आठपट ऑइल निसटतं, म्हणून जुन्या इंजिनाचा काटा लोळत असतो. क्रँक ग्राइंड करून, बारीक झालेल्या जर्नलला बसणारी नवीन अंडरसाइज बेअरिंग घातली की काटा वर येतो तो याचमुळे. इथवरचा आनंद रास्त आहे.

पण इंजिनाचा वेग वाढेल तसं पंपाचं ढकलणंही वाढत जातं. समजा, हजार आरपीएमला पंप मिनिटाला १० लिटर ढकलतो, तर तीन हजारला ३० लिटर. बेअरिंगना एवढं लागत नाही. उरलेलं ऑइल मागे पाठवायला रिलीफ व्हॉल्व्ह असतो. त्यात एक छोटा प्लंजर किंवा गोळी, तिच्यामागे स्प्रिंग आणि बाजूला परतीचं भोक एवढंच असतं. प्रेशर ठरलेल्या आकड्याला पोचलं की प्लंजर स्प्रिंगला दाबून मागे सरकतो, भोक उघडतं आणि जादा ऑइल चेंबरकडे किंवा पंपाच्या तोंडाशी परत जातं. कुकरच्या शिट्टीचं काम हेच. शिट्टीच्या भोकात डाळ अडकली की वाफ झाकणाच्या रबरी रिंगमधून फुसफुसते. त्या वेळी रिंग बदलून काही होत नाही, शिट्टी साफ करावी लागते. इंजिनात फिल्टरचं रबर म्हणजे ती रिंग.

यातून एक फार उपयोगी गोष्ट हाती लागते. बेअरिंग घट्ट बसली असोत, ऑइल जाड असो, एखादी गॅलरी बुजलेली असो, तरी रिलीफ व्हॉल्व्ह धड असेल तर गरम इंजिनाचं प्रेशर त्याच्या मर्यादेच्या फारसं वर जात नाही. जात असेल तर मीटर चुकीचा आकडा दाखवतोय किंवा जादा ऑइलला परतीची वाट मिळत नाहीये. तपासाची दिशा इथूनच ठरते.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. फिल्टरच्या आतही एक व्हॉल्व्ह असतो (काही इंजिनांत तो ब्लॉकमध्येच असतो), त्याला बायपास म्हणतात. फिल्टरचा कागद चोंदला किंवा ऑइल थंडीने घट्ट झालं आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या प्रेशरमधला फरक दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्ध्या ते एक किलोपर्यंत गेला, की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे सोडतो. बेअरिंग कोरडी पडू नयेत एवढंच त्याचं काम. एकूण प्रेशर तो कमी करत नाही. त्यामुळे "चांगला बायपासवाला फिल्टर टाका, गळती थांबेल" हा काउंटरवर मिळणारा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

आधी गळतीची जागा पक्की करा

एक गोष्ट सर्वांत आधी. चालू गाडीत फिल्टरमधून धार लागली किंवा ऑइलचा लाल दिवा पेटला तर इंजिन लगेच बंद करायचं. "गॅरेज पुढच्याच चौकात आहे" म्हणूनही चालवायचं नाही, टो करायची. गॅलरीतलं ऑइल संपायला काही सेकंद पुरतात, आणि तेच ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते.

थेंब थेंब गळती असेल तर इंजिन गार असताना फिल्टर आणि आसपासचा भाग धुवून पूर्ण कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि मगच इंजिन चालू करा. ओलावा कुठून सुरू होतो ते पांढऱ्यावर लगेच दिसतं. फिल्टरच्या नावावर जाणारी बरीच गळती वरून आलेली असते. कधी हेड कव्हरच्या पॅकिंगमधून, कधी फिल्टरजवळच बसवलेल्या ऑइल प्रेशर स्विचमधून. क्रँकच्या पुढच्या-मागच्या सीलमधून ऑइल येत असेल तर हे प्रकरणच वेगळं. तिथे ब्रीदर (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबलेला आहे का आणि पिस्टनच्या नवीन रिंगा अजून बसल्या नसल्याने चेंबरमध्ये हवा भरतेय का, ते बघावं लागतं.

गळती खरंच फिल्टरच्या बुडातून असेल तर फिल्टर काढून हातात घ्या आणि नीट निरखा. डबा फुगलाय, तळ बाहेर आलाय, कडेची दुमड उलगडायला लागलीय, असं दिसलं तर प्रेशर फार वाढलं होतं याचा तो पुरावा आहे. तो फिल्टर फेकू नका, मिस्त्रींना दाखवायला ठेवा. डबा जसाच्या तसा असेल तर आधी बसवण्यातले दोष तपासा. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकलाच चिकटून राहतं आणि नवीन फिल्टर त्यावरच चढतो. दोन रबरं एकावर एक धरून राहत नाहीत, पहिल्या प्रेशरलाच निसटतात. ब्लॉकची बैठक खरवडलेली असते, किंवा तिच्यावर जुनं सिलिकॉन राहिलेलं असतं.

आट्यांचा घोटाळा त्याहून फसवा. सुझुकीच्या अनेक इंजिनांना, म्हणजे जुन्या मारुतींनाही, फिल्टरच्या नळीला २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे असतात. इतर बऱ्याच इंजिनांना पाऊण इंची, इंचाला १६ आटे असलेली नळी असते, म्हणजे १९.०५ मिलिमीटरची. २० चा फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो, हाताला आवळल्यासारखाही लागतो, पण आटे वरवरच धरलेले असतात. गॅरेजने दुसऱ्या गाडीचं इंजिन किंवा फिल्टरची बैठक बदलून टाकली असेल तर हे नक्की तपासा. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून फिल्टर घेऊ नका, नळीचं माप आणि रबराचा व्यास जुळवून घ्या.

बसवायची पद्धत सोपी आहे. बैठक पुसायची, नव्या रबराला बोटाने ऑइल लावायचं, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवायचं, आणि मग डब्यावर लिहिलं असेल तेवढं, साधारण पाऊण फेरा, हातानेच आवळायचं. फिल्टर पाना सोडवण्यासाठी असतो. पान्याने आवळलं की रबर चुरगळतं आणि गळती वाढते.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी

गॅरेजमध्ये प्रेशर किलोत सांगतात. "चार किलो आहे" म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलो. एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय, एक बार म्हणजे १४.५ पीएसआय, रोजच्या कामाला दोन्ही सारखेच धरतात. बऱ्याच गाड्यांत गरम इंजिनाला मध्यम वेगात तीन ते चार किलो आणि आयडलिंगला एकच्या आसपास, असं चित्र असतं. पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा धरायचा.

डॅशबोर्डवरचा काटा पुरावा म्हणून चालत नाही. तो सेन्सरच्या विजेच्या अडथळ्यावर चालतो, आणि सेन्सर व मीटरची जोडी जुळली नाही तर आकडा साफ चुकतो. बाजारात ५ बारचे आणि १० बारचे असे सेन्सर मिळतात, आणि काही कंपन्यांत दोघांचाही अडथळा १० ते १८० ओहमच असतो. १० बारच्या मीटरला ५ बारचा सेन्सर लावला की प्रत्येक आकडा दुप्पट दिसतो. इंजिन कामाच्या वेळी "सेन्सर पण नवीन टाकला" असं बिलात असेल तर इथेच थांबून विचार करा. इंजिन बंद आणि चावी चालू असताना काटा वर जाऊन बसत असेल तर वायरिंग किंवा सेन्सर बघायचा, इंजिन नाही.

म्हणून प्रेशर स्विच काढून त्या जागी नळीवाला यांत्रिक गेज लावून मोजायचं. इंजिन काम करणाऱ्या चांगल्या गॅरेजकडे तो असतोच. आटे जुळवायला योग्य अ‍ॅडॉप्टर घ्या, टेफ्लॉन टेपचे तुकडे आत जाऊ देऊ नका. आणि इंजिन खरंच गरम करून मोजा. पाण्याचा काटा लवकर मधोमध येतो, ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. घाईने घेतलेला आकडा थंड ऑइलचा असतो. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना १०० अंशांच्या तुलनेत सात-आठ पट घट्ट असतं, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांना तर कितीतरी जास्त. एवढं घट्ट ऑइल रिलीफच्या भोकातूनही सहज जात नाही, त्यामुळे थंड इंजिनाचं प्रेशर थोडा वेळ मर्यादेच्या वर दिसणं स्वाभाविक आहे.

आकडे कागदावर उतरवा. थंड आयडलिंगचा, गरम आयडलिंगचा, मग गरम इंजिनाला हजार, दोन हजार, तीन हजार आरपीएमला. या पाच आकड्यांवरून जवळजवळ सगळं कळतं. निरोगी इंजिनात वेग वाढेल तसं प्रेशर चढतं आणि मग एका ठिकाणी सपाट होतं. ही सपाटी म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. वेगाबरोबर आकडा चढतच चालला, तीन किलो, पाच किलो, सात किलो, आणि सपाटी येतच नाही, तर व्हॉल्व्ह उघडत नाहीये. सपाटी येते पण नको तितक्या वर येते, तर स्प्रिंग चुकीची आहे. सपाटी योग्य जागी आहे पण गरम आयडलिंगलाच प्रेशर तिच्याजवळ पोचतं, तर वाट अरुंद आहे, म्हणजे फटी कमी आहेत किंवा कुठे तरी बुजलंय. गरम झाल्यावर सगळं ठीक, फक्त पहाटे फिल्टर गळतो, असं असेल तर एक तर ऑइल जास्त जाड आहे किंवा व्हॉल्व्ह थंडीत अडकून मग सुटतोय.

ऑइलचं आधी निपटून टाका, कारण ते सर्वांत स्वस्त आहे. "इंजिन काम झालंय, जाड ऑइल टाका" हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. नव्या, कमी फटीच्या इंजिनाला त्याची गरज नसते. मॅन्युअल ५डब्ल्यू-३० सांगत असताना २०डब्ल्यू-५० भरलं तर सकाळच्या पहिल्या मिनिटात फिल्टरवर विनाकारण ताण येतो. सांगितलेला ग्रेड भरून पुन्हा मोजा.

व्हॉल्व्ह उघडल्यावर

रिलीफ व्हॉल्व्ह कुठे आहे हे इंजिनावर अवलंबून. काहींत ब्लॉकच्या बाहेरून एक मोठा बोल्ट काढला की प्लंजर आणि स्प्रिंग हातात येतात, ते काम अर्ध्या तासाचं. अनेकांत तो पंपाच्या बॉडीत असतो, मग चेंबर किंवा टायमिंगची बाजू उतरवावी लागते. मिस्त्री हे काम टाळतात आणि फिल्टर बदलत राहतात, त्याचं खरं कारण ही मेहनत आहे.

उघडल्यावर सर्वांत जास्त वेळा सापडतो तो कचरा. होनिंगचं (सिलिंडर आतून घासण्याचं) पीठ, ग्राइंडिंगचा चुरा, जादा लावलेल्या सिलिकॉनचा तुटलेला तुकडा, आणि पुसायच्या कॉटन वेस्टचा धागा. प्लंजर आणि त्याचं घर यांत फट इतकी कमी असते की एक धागाही त्याला जाम करतो. रॉकेलने वरवर धुतलेल्या ब्लॉकमधून होनिंगचं पीठ निघत नाही. त्याला गरम साबणाचं पाणी आणि ब्रशच लागतो, आणि गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश फिरवावा लागतो. मशिन शॉपमधून आलेला ब्लॉक धुतलेलाच आहे असं धरून चालू नका.

प्लंजर साफ करून, ऑइल लावून त्याच्या घरात सोडा. स्वतःच्या वजनाने तो सरकत खाली गेला पाहिजे. अडखळत असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने, ऑइल लावून, हलक्या हाताने घासा, पण त्याच्या कडा गोल करू नका. खोल चरे असतील तर नवीनच घाला. प्लंजर उलटा बसवलाय का तेही बघा. तो पोकळ असेल तर स्प्रिंग सहसा पोकळ बाजूत बसते.

मग स्प्रिंग. जुन्या इंजिनाचं प्रेशर पडलं की स्प्रिंगखाली वायसर घालायची पद्धत आपल्याकडे फार आहे. इंजिन काम झाल्यावर तो वायसर तसाच राहिला की काय होतं, याचा हिशेब करून बघा. प्लंजर १२ मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. स्प्रिंग मिलिमीटरला एक किलो या हिशेबाची धरली, तर दीड मिलिमीटरच्या वायसरने व्हॉल्व्ह उघडण्याचं प्रेशर सुमारे १.३ किलोने वाढतं. शिवाय स्प्रिंगचे वेढे लवकर एकमेकांना टेकतात आणि भोक पूर्ण उघडतच नाही, म्हणजे वरच्या वेगात प्रेशर आणखी चढतं. वायसर काढा, स्प्रिंगची मोकळी लांबी मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. जास्त माल ढकलणारा मोठा पंप हौसेने घातला असेल तर परतीचं मूळ भोक त्याला पुरत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट सहज सुटते. पंपाच्या कव्हरचं पॅकिंग हाताने कापलेलं असेल आणि परतीच्या वाटेचं भोक पाडायचं राहिलं असेल, तर व्हॉल्व्ह अगदी निर्दोष असूनही ऑइलला जायला जागा नसते. जुनं पॅकिंग नव्यावर ठेवून प्रत्येक भोक जुळवा.

काटा वर, बेअरिंग कोरडी

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बुजलेल्या गॅलरीची. सेन्सर साधारणपणे फिल्टरच्या पुढे, मुख्य गॅलरीच्या सुरुवातीला असतो. त्याच्याही पुढे वाट बंद झाली, तर मीटरवर भरपूर प्रेशर दिसतं आणि बंद वाटेपलीकडे ऑइल पोचत नाही. कॅम बेअरिंगचं भोक ब्लॉकच्या भोकाशी न जुळणं, हेड गॅस्केट उलटं बसणं, सिलिकॉनचा गोळा वाटेत अडकणं, ही नेहमीची कारणं. हेडचं कव्हर किंवा ऑइल भरायचं झाकण काढून, इंजिन आयडलिंगला ठेवून बघा. प्रत्येक रॉकरला ऑइल पोचलं पाहिजे. एखादा कोरडा असेल किंवा वरून टकटक येत असेल तर काट्याकडे बघून समाधान मानू नका. हेडमध्ये प्लग असेल तर तिथेही गेज लावून दोन ठिकाणचे आकडे ताडून बघता येतात.

फटींचा संशय असेल तर चेंबर उतरवून प्लास्टिगेजने मोजायचं. मेणासारखा बारीक धागा जर्नलवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, मग काढून त्याची चेपलेली रुंदी पट्टीशी ताडायची. वेळ फार लागत नाही. खडकीला अनेक दशकं ऑइल इंजिनं बनवणाऱ्या आणि पिंपरी-चिंचवडपर्यंत कारखाने पसरलेल्या या शहरात मायक्रोमीटर आणि बोअर गेज नीट हाताळणारी माणसं भरपूर आहेत. क्रँक ग्राइंड झाल्यावर प्रत्येक जर्नलचं माप लिहून मागा. चांगली मशिन शॉप ते न कुरकुरता देतात.

नुकसान फक्त फिल्टरचं नसतं. जास्त प्रेशरविरुद्ध फिरताना पंपाच्या शाफ्टवर आणि तो चालवणाऱ्या गिअरवर ताण येतो. जिथे पंप कॅमशाफ्टच्या तिरक्या गिअरवर चालतो तिथे तो गिअर झिजतो.

दुरुस्तीनंतर फिल्टर नवीन, ऑइल नवीन. इंजिन पेटू न देता स्टार्टर थोडा थोडा फिरवून गेजवर प्रेशर येऊ द्या, मग चालू करा आणि पहिली काही मिनिटं फिल्टरच्या बुडावर टॉर्च धरून बसा. ते पाच आकडे पुन्हा लिहा. पहिलं ऑइल लवकर काढा आणि फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. चुंबकाला चिकटणारा थोडा भुगा नव्या रिंगा बसताना येतोच. सिलिकॉनचे तुकडे दिसले तर जाळीही साफ करावी लागेल. चुंबकाला न चिकटणाऱ्या करड्या किंवा तांबूस चकचकीत पापुद्र्या बेअरिंगच्या असू शकतात. त्या दुसऱ्या फिल्टरमध्येही तितक्याच किंवा जास्त मिळाल्या, तर गाडी उभी करून चेंबर उतरवा.